चवळीवरचा मावा

पौषात आमच्या मसुऱ्यात भात कापलेल्या कुणग्यांतली चवळी फुलावर येते, आणि फुलाबरोबर मावाही येतो. कोवळ्या शेंड्यावर, शेंगेच्या देठावर काळा थर. त्यात नर शोधून सापडायचा नाही. आमच्या उष्ण मुलखात सगळ्या माद्याच. अंडी न घालता थेट पिल्लं टाकतात आणि आठ-दहा दिवसांत ती पिल्लंही विऊ लागतात. झाडाच्या शिरेत सोंड खुपसून बसायचं, एवढाच उद्योग. जास्तीचा गोड चिकटा मागून बाहेर टाकतात. त्या गोडासाठी मुंगळे त्यांची राखण करतात. मावा खाणारा ढालकिडा आला तर त्याच्या अंगावर धावून जातात.

यंदा सकाळी दवातच राखेची टोपली घेऊन कुणग्यात गेलो. आदल्या रात्री मुंबईहून पुतण्याचा फोन आला होता, "काका, आमचा पण नाव सातबाऱ्यार घाला." मनात म्हटलं, हा मावाच. कधी चिखलात पाय घातला नाही, आणि रस तेवढा हवा.

राख मारता मारता हात थांबला. याचा बाप, माझा दादा, गिरणीत होता. दर महिन्याला मनिऑर्डर यायची. तिच्यावर माझी दहावी झाली, बैलजोडी आली, घरावर कौलं चढली. तू दोन वेळा जेवतोस काय, असं एका पत्रात तरी मी विचारल्याचं आठवत नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मनिऑर्डर बंद पडली. दादा गावी आला तेव्हा आई म्हणाली, "किती रे सुकलस झिला!" संपानं सुकला, असं आम्ही वाडीत सांगितलं. संपाआधीची बारा वर्षं कोणी मोजली नाहीत.

झाड सुकायला लागलं की माव्यात पंखवाली पिल्लं निपजतात आणि दुसरीकडे उडून जातात. मी कुठं उडालो नाही. चाळीस वर्षं या जमिनीचे बांध मीच घातले, तेही खरंच. पण माव्याला झाड सुकतंय हे कळत नाही, म्हणून त्याला दोष कसला द्यायचा? मला कळत होतं.

राख मारली ती मारलीच, चवळी तर खायचीय. पुतण्या आंगणेवाडीच्या जत्रेला येणार आहे. कागद काढून ठेवतो, असं त्याला कळवलंय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.