हार्मनी, पॉलिफनी आणि मराठी ‘संवाद’

‘हार्मनी’ आणि ‘पॉलिफनी’ या इंग्रजी संज्ञा समीक्षेत पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. अनेक स्वर एकाच वेळी उमटणे दोहोंत समान असले, तरी त्यांतील भेद केवळ परिभाषेचा नाही.

‘हार्मनी’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ सांधा, जोडणी. तिच्यात स्वराचे प्रयोजन स्वरसंघातातील त्याच्या स्थानावरून ठरते. चार आवाजांच्या स्तोत्ररचनेतील मधला आवाज वेगळा गायिला तर बहुधा स्वयंपूर्ण चाल हाती लागत नाही. पॉलिफनीत, उदाहरणार्थ बाखच्या फ्यूगमध्ये, प्रत्येक आवाजाला स्वतःची चाल असते. अर्थात तेथेही मोकळीक मर्यादितच: फुक्सच्या १७२५ मधील ग्रंथात विसंवादी स्वर संवादी स्वरात कसा सोडवावा याचे काटेकोर नियम आहेत.

मिखाइल बाख्तिनने १९२९ साली दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबरीसाठी ‘पॉलिफनी’ ही संज्ञा योजली, ती रूपक म्हणूनच. पात्राची जाणीव लेखकाच्या निर्णयात विरघळू नये, ही त्यामागील अपेक्षा कलात्मक तितकीच नैतिक आहे. ‘करामाझोव्ह बंधू’मधील इव्हान तर हार्मनीलाच नकार देतो. विश्वाच्या अंतिम मेळासाठी एका निरपराध मुलाचा छळ ही किंमत असेल, तर तो मेळ त्याला नको आहे. अल्योशा त्याचे चुंबन घेतो. युक्तिवाद मात्र अनुत्तरित राहतो. फुक्सच्या नियमांत न बसणारा हा स्वर कादंबरी सोडवीत नाही, आणि तिचे मोठेपण येथेच आहे.

मराठीत हा भेद अधिकच पुसट होतो. मर्ढेकरांच्या लयविचारात संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे येतात. तेथील ‘संवाद’ म्हणजे हार्मनी. बाख्तिनच्या ‘डायलॉग’लाही मराठीत ‘संवाद’च म्हणतात. बोलणे म्हणजे अखेर जुळणे, हे गृहीत अशा रीतीने शब्दातच शिरते, आणि न जुळणाऱ्याला ‘विसंवादी’ म्हटले की त्याचे म्हणणे ऐकण्याची जबाबदारीही संपते. दलित साहित्यावर ‘एकसुरी’ असल्याचा आक्षेप घेतला गेला, तेव्हा नेमके हेच घडले. हा सूर ज्या परंपरेत शतकानुशतके उमटू दिला गेला नव्हता, तिच्या एकसुरीपणाविषयी आक्षेपकांना फारसे विचारावेसे वाटले नाही.