घात, सिद्धी आणि हजेरी : फसलेल्या प्रयोगाविषयी काही विचार

१

प्रयोगजीवी कलांची समीक्षा बहुधा सिद्ध झालेल्या प्रयोगाची समीक्षा असते. फसलेला प्रयोग समीक्षेच्या लेखी जणू घडलेलाच नसतो. त्याची नोंद होत नाही, त्याचे विश्लेषण होत नाही. तो उरतो फक्त तो पाहणाऱ्यांच्या वादात. विशेषतः प्रयोग एखाद्या जुन्या, मान्यवर कलावंताचा असला, तर हा वाद वर्षानुवर्षे चालू राहतो आणि त्यात सौंदर्याच्या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, नीतीचा प्रश्न गुंतलेला असतो. ज्याच्यावर आपण प्रेम केले त्याचा प्रयोग फसला, तर रसिकाने त्याला काय म्हणावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार तमाशाच्या संदर्भात करावयाचा आहे. त्याला निमित्त आहे ते एका जुन्या प्रसंगाचे, आणि त्या प्रसंगी मी स्वतः घेतलेल्या एका चुकीच्या भूमिकेचे.

२००१ सालच्या चैत्रात, पदव्युत्तर वर्गात शिकत असताना, शिरूर तालुक्यातील आजोळच्या गावी यात्रेला गेलो होतो. रात्री ढोलकीफडाचा तमाशा होता. फडाचा सोंगाड्या साठी ओलांडलेला. त्याला पाहण्यासाठी भीमेपलीकडून, दौंड तालुक्यातूनही माणसे आली होती. गण झाला, गौळण झाली. बतावणीच्या मध्यावर मात्र काही तरी तुटले. सोंगाड्याने ढोलकीवाल्याला थांबवून ढोलकी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि तो ती चढवीत बसला. जोडीदाराला त्याने सर्वांदेखत आत पाठवले. मायक उचलून बाजूला ठेवला. मध्यरात्रीनंतर पुन्हा गणच सुरू केला. वगाची घोषणा झाली, पण वग उभा राहिला नाही. मंचाच्या कडेला पाय सोडून बसलेला सोंगाड्या वगातील राजाची हकिकत एकटाच, अर्धीमुर्धी सांगत राहिला. लोक हसत होते, मग हसेनासे झाले. दोनच्या सुमारास मागून काही ढेकळे आली आणि पडदा पडला.

पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने आम्ही पाच-सात जण निघालो. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्यापर्यंतचा तो प्रवास या एकाच वादात गेला. एक पक्ष सरळ होता. “गावानं वर्गणी काढून बिदागी दिली. वग झाला नाही म्हणजे फसवणूक झाली,” असे एका ऊसबागायतदाराचे म्हणणे. दुसरा पक्ष मुरलेल्या रसिकांचा. त्यांच्या मते ज्याला ही रात्र कळली नाही त्याला तमाशाच कळला नाही. ठरल्याप्रमाणे होणारा तमाशा कुठेही बघावा, असा मोडलेला तमाशा हाच माणूस करू जाणे. मी या दुसऱ्या पक्षात होतो. नुकतेच वाचलेले विरचनावादी सिद्धांत डोक्यात ताजे होते. चौफुल्याला उतरून चहा घेताना मी ‘संहितेची सत्ता नाकारणारा प्रयोग’ असे काही बोललो, आणि ते उपस्थितांना पटल्याचेही स्मरते.

२

माझ्या त्या वेळच्या भूमिकेत तथ्यांश नव्हता असे नाही. तमाशाच्या प्रयोगाला नाटकाच्या प्रयोगाचे निकष लावता येत नाहीत. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी, वग हा क्रम ठरलेला असला, तरी त्या क्रमाच्या आत मोकळीक आहे. बतावणी सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर उभी असते. पारंपरिक वगातील संवादही पुष्कळदा कथानकाचा सांगाडा धरून ऐन वेळी रचले जात. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ची (१९६५) लिखित संहिता उपलब्ध असूनही दादा कोंडके यांच्या ताज्या कोट्यांसाठी प्रेक्षक ते पुनःपुन्हा पाहत, यामागे हीच परंपरा होती. तेव्हा ‘ठरलेले झाले नाही’ एवढ्यावरून प्रयोग फसला असे म्हणता येत नाही.

परंतु मोकळीक आणि मोडतोड यांत फरक आहे. मोकळीक ही शिस्तीच्या पोटी जन्मते. शिरूर तालुक्यातीलच कवठे येमाईचे, २०२१ साली दिवंगत झालेले लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर यांच्यासारख्या लेखकांनी फडांसाठी वग आणि गीते रचली. त्यामागे तालमींचे, चालींचे, प्रवेशांच्या जुळणीचे काम होते. सोंगाड्या शब्द बदलतो तेव्हा ढोलकीवाला, सुरत्ये, झीलकरी या सर्वांना तो बदल कोठे नेणार हे ठाऊक असते. त्या रात्री कोणालाच काही ठाऊक नव्हते. जोडीदाराच्या चेहऱ्यावर जे दिसत होते ते नाट्य नव्हते. आम्ही ते पाहिले होते. आमच्या उपपत्तीत त्याला जागा नव्हती, एवढेच.

येथे नाट्यशास्त्राचे स्मरण उपयुक्त ठरते. त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा, आणि सिद्धीला होणाऱ्या घातांचाही, विचार केलेला आहे. घात काही दैवी असतात, काही शत्रूंनी घडवलेले, काही उत्पातातून आलेले आणि काही नटापासूनच उद्भवणारे. शत्रुकृत घातांत आरडाओरडा आहे, शेण आणि ढेकळे फेकणे आहे. आत्मसमुत्थ घातांत विस्मरण आहे, भलतेच बोलणे आहे, मुकुट वा अलंकार गळून पडणे आहे. या घातांची मोजदाद करण्यासाठी प्राश्निक नेमावेत असेही तेथे सांगितले आहे. त्या प्राश्निकांत छंदज्ञ आणि वैयाकरण यांच्याबरोबर नर्तक, गायक आणि गणिका यांनाही स्थान आहे. म्हणजे कलावंताच्या चुकीचा निवाडा करण्याचा अधिकार त्या त्या कर्माच्या जाणकाराचा मानलेला आहे. त्याच विवेचनात एक मार्मिक विचार येतो. पूर्णतः गुणहीन वा पूर्णतः दोषरहित असे काहीच नसते, म्हणून नाट्यातील दोष फार ताणून धरू नयेत. मात्र यावरून नटाने प्रयोगाविषयी बेपर्वा व्हावे असेही नाही. या विचाराची दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत. दोष सोडून द्यायचा, तर तो आधी दोष म्हणून मोजलेला असला पाहिजे.

एस.टी.तील दोन्ही पक्षांना यातले एकेकच अंग दिसत होते. बागायतदार दोष मोजत होता, पण सोडायला तयार नव्हता. आम्ही तो सोडण्याचाही प्रश्न ठेवला नाही. दोषालाच गुण म्हणून मोकळे झालो.

३

ही वृत्ती केवळ आपल्याकडची नाही. मँचेस्टर येथे १९७६ साली स्थापन झालेला ‘द फॉल’ हा पोस्ट-पंक संप्रदायातील वाद्यवृंद याचे ठळक उदाहरण आहे. त्याचा प्रमुख गायक मार्क ई. स्मिथ चालू मैफलीत सहकाऱ्यांच्या ध्वनिवर्धकांच्या कळा फिरवी, ध्वनिक्षेपक हलवी, मध्येच निघून जाई आणि कधी पडद्यामागून गाई. सुमारे चार दशकांत साठाहून अधिक वादक या वृंदात आले आणि गेले. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये मंचावरच मारामारी झाली आणि वृंद फुटला. २०१७ च्या उत्तरार्धात स्मिथ चाकांच्या खुर्चीत बसून गात होता. जानेवारी २०१८ मध्ये तो वारला. अशा मैफलींवर त्याच्या चाहत्यांत दीर्घ वाद होत, आणि त्यांतील युक्तिवाद न्हावऱ्याच्या रस्त्यावर झालेल्या युक्तिवादांहून फारसे वेगळे नव्हते.

या उदाहरणातून एक भेद स्पष्ट होतो. सहकाऱ्याच्या वाद्याची कळ फिरवणे ही कलावंताने घडवलेली विस्कळीतता असू शकते. तीत हेतू असतो, जोखीम असते, आणि तिच्यातून नवे काही निघेल अशी अपेक्षाही असते. ती सफल झाली की नाही हे विचारता येते. ढासळलेल्या शरीरामुळे येणारी विस्कळीतता मात्र कलावंतावर ओढवलेली असते. पहिली कृती आहे, दुसरी आपत्ती. एकाच रात्री दोन्ही एकत्र येऊ शकतात, आणि त्यांची सीमारेषा प्रेक्षागारातून दर वेळी दिसतेच असे नाही. तरीही ती शोधणे हे रसिकाचे काम आहे. आपत्तीला कृती मानणारा रसिक वरकरणी कलावंताचा गौरव करतो. प्रत्यक्षात तो त्याच्या दुःखाचे रूपांतर स्वतःच्या आस्वादात करून घेत असतो.

तमाशाच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळते. या कलेचा भार प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील कलावंतांनी वाहिला. पुण्यात १९५३ पासून होत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात एखाद्या थोर गायकाचा स्वर लागला नाही, तर आपण हळहळतो आणि ‘आज स्वर लागला नाही’ असेच म्हणतो. तमाशातला सोंगाड्या कोलमडला की त्याला ‘रांगडेपणा’, ‘अस्सलपणा’ अशी नावे देतो. एकाकडून आपण सिद्धीची अपेक्षा करतो, दुसऱ्याकडून केवळ अस्सल असण्याची. ज्याच्याकडून सिद्धीची अपेक्षाच नाही, त्याच्या वाट्याला अपयशही येऊ शकत नाही. आणि ज्याला अपयशी होण्याचा हक्क नाही, त्याला कलावंत म्हणून आपण मानलेलेच नसते. औदार्याच्या वेषात आलेली ही जुनीच तुच्छता आहे.

४

विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्याविषयीची एक कथा सर्वश्रुत आहे. पूर्ण दिवस भरलेल्या असताना त्या मंचावर उभ्या राहिल्या, कळा सुरू झाल्यावर आत गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा मंचावर आल्या. या कथेचा शेवट दोन प्रकारे सांगितला जातो. एका कथनात त्या राहिलेला खेळ पुरा करतात आणि प्रेक्षक थक्क होतात. दुसऱ्यात काय घडले हे कळताच प्रेक्षक हात जोडतात आणि खेळ तेथेच थांबवून त्यांना विश्रांतीसाठी परत पाठवतात.

यांतील कोणता शेवट खरा, याहून आपल्याला कोणता आवडतो हे येथे महत्त्वाचे आहे. पहिला शेवट ‘कलानिष्ठा’ या शीर्षकाखाली भाषणांतून उद्धृत होतो. त्यात सुपारीचा करार दिसत नाही, फडातील माणसांची चूल दिसत नाही, खेळ मागणारा प्रेक्षकही दिसत नाही. विठाबाईंची अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली आणि त्यांच्या नावाचा शासकीय जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या निधनानंतर सुरू झाला, हे लक्षात घेता थक्क होणे ही किती स्वस्त प्रतिक्रिया आहे हे जाणवते. दुसऱ्या शेवटातील प्रेक्षक वेगळा आहे. खेळ अपुरा राहिला हे तो जाणतो. आपले येणे बाकी आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि ते तो सोडून देतो. अपुऱ्या खेळालाच पूर्ण खेळ म्हणण्याची लबाडी तो करत नाही.

क्षमा आणि समर्थन यांतला हा फरक आहे. क्षमा ऋण मान्य करते आणि मग ते माफ करते. समर्थन ऋणच नाकारते. ऋण नाकारले की फेडण्याची वाटही बंद होते.

५

त्या यात्रेनंतर काही महिन्यांनी मामांची भेट झाली. ते यात्रा कमिटीत होते. मी उत्साहाने त्या रात्रीविषयी बोलू लागलो, तेव्हा त्यांनी विचारले, “हजेरीला थांबला नव्हतास ना?”

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, कुस्त्यांच्या आखाड्याआधी, सकाळी फडाची हजेरी असते, हे वाचकांस ठाऊक असेल. ती बहुधा आटोपशीर असते. गावाला सलाम करायचा, चार गाणी म्हणायची. रात्री पंचांत बिदागी कापण्याची भाषा झाली होती. सकाळी सोंगाड्या आला तो रात्रीच्याच कपड्यांत. आत पाठवलेल्या जोडीदाराला त्याने सर्वांसमक्ष हाताला धरून पुढे आणले. “काल माझ्याकडून झालं नाही. गावाचं राहिलंय, ते घ्या,” एवढेच तो म्हणाला, आणि उन्हात, ना पडदा ना दिवे, त्याने बतावणी पहिल्यापासून केली. मग वगही केला. आटोपता, पण शेवटापर्यंत. “चांगला झाला का?” मी विचारले. “बरा झाला,” मामा म्हणाले. “आवाज बसला होता.” बिदागी पुरी दिली गेली. रात्री काय झाले होते, आजार की दारू की आणखी काही, हे गावाने विचारले नाही.

हजेरी चालू होती त्या वेळी आम्ही, त्याचे जाणते चाहते, चौफुल्याला चहा पीत होतो आणि कालची रात्र हीच त्याची खरी कला होती असा निर्णय देत होतो. तो मात्र आमच्यामागे ती रात्र फसली असे जाहीर सांगून तिची भरपाई करीत होता. आमच्यापैकी कोणी थांबला असता, तर त्याच्या बाजूने बोलणारे त्याच्या विरुद्ध बोलत आहेत हे आम्हाला दिसले असते. बागायतदाराची तक्रार कठोर होती, पण सोंगाड्याने स्वतःला लावलेल्या निकषाच्या ती अधिक जवळ होती. आणि गावाने जे केले ते आम्हा दोन्ही पक्षांना सुचले नव्हते. गावाने अपयश मोजले, कारण विचारले नाही, आणि फेडू दिले.

फसलेल्या प्रयोगाविषयी रसिकाचे दायित्व एवढेच आहे असे मला आता वाटते. अपयशाला अपयश म्हणावे, ते घडवलेले की ओढवलेले याचा विवेक करावा, ओढवलेले असल्यास येणे सोडून देण्याची तयारी ठेवावी, आणि कलावंताला ते फेडायचे असेल तर त्यासाठी थांबावे. यातील शेवटची गोष्ट सर्वांत साधी आहे. त्या सकाळी आम्हाला पहिली एस.टी. गाठायची होती.