दोनशे चाळीस तासांबाहेरचं

नीरा आणि भीमेच्या संगमावर, नरसिंहपुरात, राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर लागलं होतं. त्यात एस. वाय. बी. कॉम.ची एक मुलगी होती. दोन वर्षांत 240 तास भरायचे आणि एक शिबिर करायचं, की प्रमाणपत्र. तिला तेवढंच हवं होतं. सी. ए.च्या पहिल्याच पायरीवर नापास झाल्यापासून तिची झोप उडाली होती, घरात कुणाशी बोलणं नव्हतं. दिवसभर घाट झाडायचा आणि संध्याकाळी वहीत तास मांडायचे.

एकदा घरोघर पाहणी करताना एका आजीनं पासबुक पुढं केलं. "पोरी, श्रावणबाळचं पैसं बंद झाल्यात बघ. बँकवाला म्हनतो, आधार जोडल्यालं न्हाई. आन् माझा ठसाच उमटंना."

जन्मभर खुरपं धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनाचे महिन्याचे 1500 रुपये तेवढ्यावर अडले होते.

शिबिर संपलं, तरी ती परत आली. आजीला एसटीनं इंदापूरला आधार केंद्रात घेऊन गेली. तिथल्या मुलानं आजीची बोटं पुसून पुसून पाहिली आणि मान हलवली. "दादा, डोळ्यांवरून बघा की," ती म्हणाली. बुबुळ जुळलं. मग बँक. पहिल्या खेपेला तिथं तिला शब्द फुटेना. नंतर तीच विचारू लागली, अर्ज कुठं अडलाय, सही कुणाची हवी. पुस्तकात पाठ केलेलं केवायसी अडलं की आजीची बीपीची गोळी अडते, हे तिला तिथं कळलं. पैसे जमा झाले आणि आजीनं शेजारच्या दोघींना तिच्याकडं धाडलं.

मन फार खचलं असेल तर डॉक्टर, समुपदेशक हवेतच. ते काम सेवेवर ढकलू नये. पण आपली कुणीतरी वाट बघतंय, हे कळल्यावर हिचं जेवणखाण, झोप हळूहळू मार्गी लागली. ती घरी बोलू लागली, तेही आधी आजीबद्दलच.

पुढं बारामतीत एका पतसंस्थेच्या मुलाखतीत विचारलं, "ग्राहकांशी बोलायचा अनुभव?" तिनं ठशांची सगळी हकिकत सांगितली. समोरच्यांनी प्रमाणपत्र उलटून पाहिलं. "हे या तासांत धरलंय का?"

"नाही सर. ते शिबिरानंतरचं."

तिला काउंटरवर घेतलं. पगार बेताचा आहे, आणि सी. ए.ची परीक्षा ती यंदा पुन्हा देतेय.