निराळा पेला

(आधार : गलतीकरांस पत्र, अध्याय २, ओव्या ११ ते १४)

आज आम्ही एका क्रिकेट खेळाडूची हकीकत तुम्हांपुढे ठेवितो. तो ख्रिस्ती नव्हता. तरी आमच्या मंडळ्यांनी ती लक्षपूर्वक ऐकावी.

पालवणकर बाळू हे १८७६ साली धारवाडास चांभार कुळात जन्मले. पुण्यास साहेब लोकांच्या क्लबात ते तुटपुंज्या पगारावर मैदानाची निगा राखीत व साहेबांस सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकीत. हाती बॅट मात्र त्यांस कोणी देत नसे. त्या कष्टांतून त्यांचा डावा हात असा तयार झाला की, साहेबांस हरवू पाहणाऱ्या पुण्याच्या हिंदू क्लबास त्यांच्यावाचून चालेना. खेळात सर्वांनी एकच चेंडू हाताळावा. परंतु चहाची वेळ झाली की बाळूंस बाहेर बसवून मातीच्या निराळ्या पेल्यात चहा देत. चेंडू बाटत नसे, पेला तेवढा बाटत असे!

१९११ साली हिंदी संघ विलायतेस गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले. इतके होऊनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांस कधी लाभले नाही; ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाले.

आता अंत्युखियाकडे पाहा. पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीस जेवत असे. यरुशलेमेची माणसे येताच तो भिऊन वेगळा झाला. त्याच्या उपदेशात खोट नव्हती, बसण्याच्या जागेत होती. पौलाने ती सर्वांसमक्ष दाखविली.

धाराशिव जिल्ह्यातील वृद्धांस हॉटेलाबाहेरची निराळी कपबशी सांगावी लागणार नाही. ज्यांनी तिचा अपमान गिळला, त्यांच्याच घरांत ती पुन्हा का दिसावी? आमच्यापैकी कोणी महारवाड्यातून आला, कोणी मांगवाड्यातून. उपासनेस सतरंजी एक, गीते एक, प्रभूचा प्याला एक. मग लग्नाची पंगत दोन ठिकाणी का? अमुक घरी उपदेशक प्रार्थना करितो आणि पाणी न घेताच उठतो, हे काय? तहान नव्हती, असे तो सांगतो. आम्हीही एके काळी असेच सांगत असू.

बंधूंनो, येत्या प्रभुभोजनाच्या आदल्या सायंकाळी, ज्या घरचे पाणी तुम्ही आजवर टाळिले, त्या घरी जा. उंबऱ्याबाहेर उभे राहू नका. आत बसा, आणि तांब्याभर पाणी मागा.