पडद्यावरचा डाग आणि दोन चंद्र

भिवंडीच्या मागांवर निघणारं बरंचसं कापड ग्रे, म्हणजे कोरं असतं. त्यावर रंग चढतो तो नंतर. पण रंगीत सुताचा चौकडा विणायचा असेल तर रंगाचा निर्णय माग सुरू होण्याआधी घ्यावा लागतो, आणि संगणक आल्यापासून तो पडद्यावर घेता येऊ लागला. अशा एखाद्या गाळ्यात पाठीमागे भलंमोठं पोट असलेला, पिक्चर ट्यूबचा जुना मॉनिटर अजून चालू आहे असं धरू. त्याला खेटून वर्षानुवर्षं एक स्पीकर ठेवलेला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात जांभळट-हिरवा डाग पडला आहे. जो धागा मध्यभागी निळा, तोच कोपऱ्यात जांभळा. बघणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे की धागा निळाच आहे. तरी डाग दिसतोच. चूक कळली की चूक जाते का, हा आपल्याकडचा फार जुना वाद, आणि त्यात साक्षीला उभा करावा असा हा डाग आहे.

आधी दोष कुठे आहे ते ठरवू. चित्र सरकवलं आणि डागही त्याच्याबरोबर सरकला, तर दोष चित्रात किंवा ते पाठवणाऱ्या कार्डात. डाग जागचा हलला नाही, तर दोष पडद्यापाशी. सगळा पडदाच पिवळा पडला असेल तर निळा रंग पोचत नाहीये: केबलची पिन वाकली असेल, नाहीतर निळ्या रंगासाठी इलेक्ट्रॉन सोडणारी गन थकली असेल. त्याच संगणकाला दुसरा मॉनिटर लावला की आणखी एक शक्यता गळते. एक असताना दुसरं असतं का, एक नसताना दुसरं नसतं का, असं पारखत जाणं म्हणजेच नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक. (पक्का नैयायिक उत्तम टीव्ही मेकॅनिक झाला असता, यात मला शंका नाही.) इथे डाग जागचा हलत नाही. फाइल दुसरीकडे उघडली तर धागा सगळीकडे निळाच. शास्त्रांतल्या जुन्या दाखल्यात काविळीच्या रुग्णाला शंख पिवळा दिसतो, पण शंखाला काही झालेलं नसतं, तसंच हे.

वेदान्त्यांनी भ्रमाचे दोन प्रकार वेगळे केले. दोरीवर साप दिसतो. दिवा आणला, दोरी कळली, साप संपला. स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली की तो लाल दिसतो. तो पांढरा आहे हे कळूनही लालच दिसत राहतो, फूल उचलेपर्यंत. पहिला निरुपाधिक, दुसरा सोपाधिक, म्हणजे शेजारच्या वस्तूमुळे टिकणारा. पडद्यावरचा डाग दुसऱ्या जातीचा वाटतो, पण तिथेच गंमत आहे. स्पीकर उचलला तरी डाग राहतो! काचेच्या आत शॅडो मास्क नावाचा, लाखो बारीक भोकांचा लोखंडी पातळ पत्रा असतो. लाल, हिरव्या, निळ्या रंगासाठीचे तीन इलेक्ट्रॉन-झोत थोड्या वेगळ्या कोनांतून त्याच भोकातून जातात आणि आपापल्या रंगाच्या ठिपक्यावर पडतात. पत्र्याने चुंबकत्व धरलं की झोत केसभर वाकतो आणि शेजारच्या ठिपक्याला पेटवतो. फूल गेलं, लाली मात्र स्फटिकात मुरली, असा हा तिसराच प्रकार. त्याला आपल्याकडे शब्द तयार आहे: संस्कार.

शंकराचार्यांना ही अडचण माहीत होती. ब्रह्मसूत्रभाष्यात ते मान्य करतात की बाधित झालेलं मिथ्याज्ञानही संस्कारामुळे काही काळ टिकतं; डोळ्यांच्या दोषाने दोन चंद्र दिसणाऱ्याला चंद्र एकच हे कळूनही दोन दिसत राहतात, तसं. जोडीला कुंभाराचं चाक: हात काढला तरी वेग संपेपर्यंत फिरतं. माझा मतभेद या चाकाशी आहे. चाक आपोआप थांबतं. पत्र्यातलं चुंबकत्व नुसतं वाट पाहून जात नाही. मनावरचे ठसे चाकासारखे की पत्र्यासारखे, हा खरा प्रश्न. आणि माणसाचा राग, धाक, हाव त्यांची कारणं संपल्यावरही किती वर्षं टिकतात हे पाहता मी पत्र्याच्या बाजूने आहे. चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी ‘जीवन्मुक्तिविवेका’त तत्त्वज्ञानाबरोबर वासनाक्षय आणि मनोनाशही मागितला, तो उगाच नव्हे.

मॉनिटर जड, मन चेतन, मग ही तुलना कशी चालेल, असं कुणी म्हणेल. पण वेदान्तात अंतःकरणही जडच आहे. चेतन तो साक्षी. दुसरा आक्षेप वजनदार आहे: जाणत्याची फसवणूक होत नसेल तर डाग दिसेना का! मृगजळ कळल्यावर दिसलं तरी कुणी हंडा घेऊन धावत नाही. नुसतं बघायचं असेल तर हे उत्तर पुरेसं आहे. सगळा पडदा सारखाच पिवळा असता तर कामही मनातल्या मनात वजाबाकी करून भागलं असतं. पण डाग जागोजागी वेगळा आहे. कोपऱ्यात किती वजा करायचं आणि मध्ये किती, हे ज्ञान सांगत नाही. ज्याला सुताचा रंग ठरवायचा आहे त्याचा हात चुकतोच. तिसरा आक्षेप असा की ज्ञानाखेरीज ठसे पुसणाऱ्या साधनेलाही जागा दिली की मोक्ष कर्माने मिळतो असं होईल. तसं होत नाही. डाग काढणारी क्रिया चित्रात एकही रंग घालत नाही. चित्र आधीपासून ठीकच होतं.

ती क्रिया बघण्यासारखी आहे. उलट दिशेचं चुंबक लावून डाग नीट जात नाही, बहुधा नवा पडतो. रागावर जबरदस्तीची शांती लादावी तसं. डीगॉसचं, म्हणजे चुंबकत्व घालवण्याचं, बटण दाबलं की नळीभोवतीच्या वेटोळ्यातून उलटसुलट प्रवाह जातो, चित्र घुंई करून थरथरतं, आणि प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा लहान होत काही सेकंदांत जवळजवळ शून्यावर येतो. पत्र्याला दोन्ही दिशांना ओढत, कमी कमी करत, कुठल्याच दिशेचा ठेवायचा नाही. लगेच पुन्हा बटण दाबून उपयोग नसतो. प्रवाह ओसरवणारा भाग तापलेला असतो, तो निवायला वेळ द्यावा लागतो. डाग फारच मुरला असेल तर मेकॅनिक हातातलं वेटोळं पडद्यासमोर गोल फिरवतो आणि तसंच फिरवत हळूहळू मागे सरकतो. वेटोळं बंद करायचं ते चांगलं लांब गेल्यावर. पडद्याजवळच बंद केलं, तर आधी होता त्याहून मोठा डाग उमटतो.