निष्ठा कोणाशी?

एका शिक्षिकेने मोबाइलवर प्रशिक्षणाचा व्हिडिओ सुरू केला, आवाज बंद केला, फोन चार्जिंगला लावून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि कुकर लावायला घेतला. भात होईपर्यंत व्हिडिओ संपला. नावापुढे 'पूर्ण' उमटलं. शेवटची चाचणी तिने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या उत्तरांवरून सोडवली, प्रमाणपत्र डाउनलोड केलं आणि मुख्याध्यापकांना पाठवून दिलं.

ती खोटं बोलली का?

सगळे शिक्षक असं करतात, असं मला अजिबात म्हणायचं नाही. मन लावून व्हिडिओ पाहणारे, वहीत टिपणं काढणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण असं घडतं, हे घरात कुणी शिक्षक असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. यूट्यूबवर प्रशिक्षणाच्या मॉड्यूलांची उत्तरं शोधून बघा, व्हिडिओंची रांग लागते. आणि आयटीतल्या लोकांनी यावर हसण्याचं कारण नाही. मार्च जवळ आला की सक्तीची ट्रेनिंग एका टॅबमध्ये मुकी चालू असते आणि दुसऱ्या टॅबमध्ये कोड. फरक इतकाच की आपल्या टॅबच्या पलीकडे चाळीस मुलं बसलेली नसतात.

मी शनिवार पेठेत राहते. पुण्यात शिक्षणाबद्दल विचार करायला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पेठेतच रमणबाग आहे, अहिल्यादेवी आहे. अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकं, गाइडं आणि अपेक्षित प्रश्नसंच मिळतात. पलीकडे बुधवार पेठेत भिडे वाड्याची जागा, जिथे १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. आणि लक्ष्मी रस्ता ओलांडून कुमठेकर रस्त्याला लागलं की राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं कार्यालय. राज्यातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सूत्रं तिथून हलतात. गडचिरोलीच्या शिक्षकाच्या मोबाइलवर जो कोर्स उघडतो, त्याची सूचना बहुधा माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर टाइप झालेली असते.

थोडी पार्श्वभूमी. केंद्र सरकारचं 'दीक्षा' हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी सुरू झालं. २०१९ मध्ये 'निष्ठा' नावाचा शिक्षक प्रशिक्षणाचा कार्यक्रम आला. नाव एका लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून जुळवलेलं, पण वाचताना शब्द आपलाच. सुरुवातीला हे प्रशिक्षण समोरासमोर होत होतं. करोना आला आणि ऑक्टोबर २०२० पासून ते 'दीक्षा'वर गेलं. प्राथमिक स्तरासाठी अठरा मॉड्यूल, त्यातलं एक वर्गात तंत्रज्ञान कसं वापरावं यावर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळाली पाहिजे. महाराष्ट्रात बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ आणि निवड श्रेणीसाठी प्रशिक्षणाची अट आहे, आणि २०२२ मध्ये तेही ऑनलाइन झालं. म्हणजे 'पूर्ण' या शब्दाला थेट पगार चिकटलेला आहे.

हे सगळं वाईट आहे, असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचंही. आधीची पद्धत आठवा. राज्यस्तरावर काही जणांना प्रशिक्षण, त्यांनी जिल्ह्याच्या लोकांना द्यायचं, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला. कानगोष्टींच्या खेळासारखं शेवटच्या शिक्षकापर्यंत पोचेपर्यंत मूळ वाक्य भलतंच झालेलं असायचं. शिवाय शाळा बंद ठेवून, एसटीने तालुक्याला जाऊन, सतरंजीवर बसून दिवस काढायचा. आज अक्कलकुव्यातल्या शिक्षिकेला आणि रमणबागेतल्या शिक्षकाला तोच व्हिडिओ, तोच मजकूर, त्याच दिवशी मिळतो. ही समता छोटी गोष्ट नाही.

पण या समतेची मोजदाद कशी होते, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला जरा जास्त जवळून दिसतं. 'दीक्षा' ज्या सनबर्ड नावाच्या मुक्त प्रणालीवर उभी आहे, तिच्यात अ‍ॅप नोंदी पाठवतं: सुरू झालं, पुढे गेलं, उत्तर दिलं, संपलं. यात काही काळंबेरं नाही, सगळीच अ‍ॅप्स हे करतात. पण या नोंदीत काय असतं ते नीट बघा. या लॉगिनवर हा व्हिडिओ शेवटापर्यंत वाजला, एवढंच. कुणी पाहिला, हे यंत्राला माहीत नाही. कळला का, हे तर नाहीच. तरी नोंद सर्व्हरमधून निघून प्रमाणपत्रावर पोचते तेव्हा तिचं वाक्य बदललेलं असतं: 'यांनी प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले.' आणि तालुक्याच्या तक्त्यातून राज्याच्या अहवालात जाते तेव्हा पुन्हा बदलतं: 'इतके शिक्षक प्रशिक्षित.' वाजला, पूर्ण केले, प्रशिक्षित. प्रत्येक पायरीवर माहिती तेवढीच राहिली आणि दावा मात्र वाढत गेला.

म्हणून ओट्यावरच्या फोनचा प्रश्न मला असा दिसतो. त्या शिक्षिकेने एक छोटं खोटं केलं, पण त्याआधी व्यवस्थेने स्वतःला माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्याचा आव आणला होता. व्हिडिओ वाजवून दाखव, एवढंच तिच्याकडे मागितलं. तिने वाजवून दाखवला.

यावर कुणी म्हणेल, मग खोटं उरलंच कुठे? देणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत आहे. अ‍ॅपच्या अटी न वाचता आपण 'मी वाचले आहे' वर टिचकी मारतो तसंच हे. दोघांनी मिळून केलेलं नाटक म्हणजे फसवणूक नव्हे.

हा युक्तिवाद मला बराच काळ पटण्यासारखा वाटे. त्यात एक माणूस मोजायचा राहून जातो. या व्यवहारात तिसरा पक्ष आहे आणि तो खोलीत नाही: वर्गातलं मूल. अहवालात 'प्रशिक्षित' लिहिलं गेलं की त्याच्या शिक्षिकेला काय अडतंय हे विचारायची गरज संपते. कागदावर अडचण सुटलेली असते. प्रोजेक्टर खोक्यात पडून आहे, वर्गात प्लग पॉइंट नाही, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायला शाळेत रेंज नाही, हे सांगायला जागाच उरत नाही. दोघांच्या संमतीने चाललेल्या नाटकाचं तिकीट तिसऱ्याच्या खिशातून जातं.

दुसरं नुकसान प्रामाणिक शिक्षकाचं. ज्याने रात्री जागून अठरा मॉड्यूल खरोखर पाहिली, त्याला आणि ज्याने वाजवली त्याला एकच प्रमाणपत्र मिळतं. प्रामाणिकपणाला शिक्षा होत नाही, पण त्याची कुठे नोंदही होत नाही. अशा ठिकाणी माणूस किती वर्षं प्रामाणिक राहील?

तिसरं नुकसान मला सगळ्यांत गंभीर वाटतं. शिक्षकांचं प्रशिक्षण हासुद्धा एक वर्गच असतो. त्यात काय सांगितलं यापेक्षा ते कसं दिलं, हे शिक्षक जास्त शिकतात. मूल स्वतः ज्ञान रचतं, त्याला करून बघू द्या, चुकू द्या, असं व्हिडिओत सांगायचं आणि शेवटी चार पर्यायांतून एक निवडायला लावून ७० टक्क्यांची अट घालायची. मग तोच शिक्षक वर्गात जाऊन मुलांना अपेक्षित प्रश्नसंच पाठ करायला लावतो तेव्हा आपण त्याला नावं ठेवतो. खरं तर तो शिकवल्याप्रमाणेच वागत असतो. ग्रुपवर आलेली उत्तरं म्हणजे शिक्षकांचं अपेक्षितच, फक्त अप्पा बळवंत चौकात विकत मिळत नाही इतकंच.

मोजता येईल त्याचेच पैसे देण्याचा हा मोह नवा नाही. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. तेव्हा मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावर शाळांना अनुदान देण्याची पद्धत होती. फुल्यांचं म्हणणं असं की, ज्या लोकांत शिक्षणाची गोडी अजून निर्माणच झालेली नाही तिथे ही पद्धत कामाची नाही. तिथे स्वतःच्या जिवावर शाळा काढून कुठल्याही शिक्षकाचं पोट भरणार नाही, म्हणून तिथे सरकारी शाळाच हव्यात. त्याच निवेदनात त्यांनी प्रशिक्षित शिक्षकांची आणि त्यांना बऱ्या पगाराची मागणी केली. फुले स्वतः शिक्षक होते. सावित्रीबाईंनीही अहमदनगरला आणि पुण्यात शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतल्याचं चरित्रकार सांगतात. प्रशिक्षण आणि मोजमाप यांतला फरक त्या घराला अनुभवाने माहीत होता. निकाल मोजला की शिक्षक जिथे निकाल सोपा तिथे वळतो आणि अवघड मूल मागे राहतं. मॉड्यूल मोजली की शिक्षक मॉड्यूल संपवतो आणि अवघड मूल पुन्हा मागेच राहतं.

माझी मावशी अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिने सातवीच्या वर्गात एक प्रयोग केला. काचेच्या ग्लासात ओल्या टिपकागदावर घेवड्याचा दाणा ठेवला आणि जुना मोबाइल समोर लावून चार दिवस त्याचं टाइमलॅप्स घेतलं. हे कसं करायचं ते तिला स्टाफरूममधल्या एका नव्या शिक्षकाने मधल्या सुट्टीत दहा मिनिटांत दाखवलं होतं. वर्गात व्हिडिओ लावला. मोड वळवळत बाहेर येताना पाहून एका मुलाने विचारलं, "बाई, दाणा उलटा ठेवला तर मूळ वर जाईल का?" तो मुलगा वर्षभर वर्गात बोललेला नव्हता. मावशीने उत्तर दिलं नाही, ग्लास त्याच्या हातात दिला. पुढचे चार दिवस तो शाळेत सगळ्यांत आधी येत होता.

मी तिला विचारलं, हे प्रशिक्षणात कुठे नोंदवता येतं? ती हसली. "अगं, त्याला रकाना कुठाय? आणि इतक्या वर्षांत एका प्रशिक्षणात कुणी विचारलं नाही, की तुझ्या वर्गात तुला अडतंय काय?"

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडची खूप चर्चा झाली. पण गोष्ट कोडपासून सुरू झाली नव्हती. शाळेतल्या मुलांची भाषा कन्नड आणि पुस्तकं दुसऱ्या भाषेत, या अडचणीपासून ती सुरू झाली. आधी अडचण आली, मग तंत्र आलं. आपल्याकडे 'तंत्रस्नेही शिक्षक' असा शब्द रूढ झाला आहे. मला तो नेहमी अर्धवट वाटतो. तंत्राशी स्नेह ठीक, पण तो कुणासाठी, हे त्या शब्दात येत नाही.

याचा अर्थ शिक्षकांची सुटका झाली असा नाही. त्यांच्यावर यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, मतदार यादीची कामं आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने अशैक्षणिक कामांना मर्यादा घातली तरी निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण वगळून ठेवलंच. वेळ खरंच नसतो. तरी व्यवस्था खोटी आहे म्हणून मी मुलाला काही देणं लागत नाही, हे वाक्य कुणालाही बोलता येणार नाही. व्हिडिओ मुका वाजवला हा छोटा गुन्हा आहे. मोठा गुन्हा तेव्हा होतो जेव्हा 'प्रशिक्षण झालंय माझं' असं शिक्षकालाच वाटू लागतं.

आणि आमच्या बाजूचं काय? जे पडदे, पट्ट्या आणि बटणं बनवतात त्यांचं? निदान शब्द खरे लिहावेत. 'यशस्वीरीत्या पूर्ण' ऐवजी 'व्हिडिओ शेवटापर्यंत चालला' असं प्रमाणपत्रावर छापा. कुणी ते फ्रेम करून लावणार नाही, आणि त्यावर वेतनश्रेणी द्यायलाही अधिकाऱ्याचा हात अडखळेल. तो अडखळला तर बरंच आहे, कारण मग दुसरं काहीतरी मागावं लागेल. उदाहरणार्थ, वर्षातून एक पाठ, जो दुसऱ्या शिक्षकाने मागच्या बाकावर बसून पाहिला. किंवा आपल्या शब्दांत लिहिलेला एक परिच्छेद: मी वर्गात हे करून पाहिलं आणि ते फसलं, कारण अमुक. दर महिन्याला केंद्रावर शिक्षण परिषद भरतेच. तिथे परिपत्रकं वाचण्याऐवजी हे परिच्छेद वाचता येतील. यात मोजमाप अवघड होईल, अहवाल उशिरा जातील, आकडे लहान दिसतील. पण त्या लहान आकड्यामागे प्रत्येक वेळी एक खरा वर्ग असेल.

'फसलं' हा रकाना त्यात हवाच. ज्या शिक्षकाला स्वतःचं फसलेलं निर्धास्तपणे लिहिता येतं, त्याच्या वर्गात मूलही उलटा दाणा ठेवून बघायला घाबरत नाही.