रजिस्टरातील एक तारीख

३ जून १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी फाशीची शिक्षाच रद्द करावी, असे मत मांडले. त्याची निकड पुण्याच्या एका खटल्यात पाहा. १९९४ साली सात जणांची हत्या झाली. त्या घराचे दुःख अपार. १९९८ साली फाशी ठोठावलेल्या एका आरोपीसाठी पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील वकील मंडळी झटली. राजस्थानातील त्याच्या शाळेचे रजिस्टर बोलले: गुन्ह्याच्या वेळी वय साडेबारा! मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुक्त केले; २८ वर्षे तुरुंगात गेली होती.

आणि आमच्या घाटकोपरच्या वस्त्यांत? कितीकांची जन्मतारीख १ जूनच, गुरुजींनी अंदाजाने टाकलेली! तिच्यावर कोणते न्यायालय विसंबेल? यंदा पोराचे नाव शाळेत घालाल, तेव्हा जन्माचा दाखला सोबत आणा.